बोर्ड समोर ठेवा आणि शेजारी बसा

एम्बेडेडच्या, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांवरच्या कामाच्या, नोकरीसाठी मुलाखती कशा होतात हे मला मराठीत कुठे वाचायला मिळालं नव्हतं. पुण्यात जावा, पायथन, डेटा सायन्सच्या क्लासच्या पाट्या जागोजागी दिसतात, पण मायक्रोकंट्रोलरवर (एका चिपमधला छोटा संगणक) सी भाषेत कोड लिहिणाऱ्याला कुणी सीनियर सांगेल तेवढंच कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मागे खराडीतल्या एका टेक्नॉलॉजी कंपनीत सीनियर फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्ये बसणारं सॉफ्टवेअर) इंजिनिअरच्या जागेसाठी मी पहिल्या फोनपासून शेवटच्या फेरीपर्यंत गेले. त्यातल्या एका फेरीने, इंजिनिअरची मुलाखत कशी घ्यावी याबद्दलचं माझं मत कायमचं पक्कं केलं.

माझ्याबद्दल थोडं. कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, मग पुण्यात डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घेऊन डिग्री. तेव्हापासून भोसरी एमआयडीसीत, गाड्यांना लागणारे कंट्रोलर बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत आहे. कोड लिहिते, नवा बोर्ड आला की ब्रिंग-अप करते, म्हणजे तो पहिल्यांदा चालू करून तपासते, आणि ग्राहकाकडून परत आलेल्या बोर्डांना काय झालंय ते शोधते. हे शेवटचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं. राहायला चिंचवडला; घरी सासूबाई, नवरा आणि चौथीतली मुलगी.

पहिला फोन एचआरचा. जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये उभं राहून घेतला. करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पीरियड किती. नव्वद दिवस म्हटलं की पलीकडचा आवाज उतरतो. आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या करारात नव्वद दिवस लिहिलेले असतात आणि माणूस मात्र सगळ्यांना तीस दिवसांत हवा असतो. जी कंपनी तीस दिवसांसाठी घाई करते, तिच्या स्वतःच्या ऑफर लेटरमध्ये पुन्हा नव्वदच असतात. यात नवी मुलं फार भरडली जातात. हातात ऑफर नसताना, 'सर्व्हिंग नोटीस' असं रेझ्युमेवर लिहिता यावं म्हणून राजीनामा देणारी मुलं मी पाहिली आहेत. मी त्यांना कळवळून सांगते, असं करू नका. मी फोनवर नव्वदच सांगितले. शिल्लक रजा आणि बायआउट (उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटणं) यांचं काय ते ऑफर लेखी आल्यावर बोलू, असंही सांगितलं. त्या बाईंनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि दोन दिवसांनी ऑनलाइन टेस्टची लिंक आली.

टेस्ट नव्वद मिनिटांची. लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवायचा, दुसरा टॅब उघडला की इशारा. सीवरचे प्रश्न चांगले होते. एका संख्येत किती बिट १ आहेत ते मोजा. यात संख्या आणि तिच्यातून एक वजा करून येणारी संख्या यांचा अँड घेतला की सगळ्यात उजवीकडचा १ पुसला जातो. शून्य होईपर्यंत किती वेळा असं करावं लागलं ते मोजायचं. दुसरा प्रश्न स्ट्रक्चरच्या आकाराचा. एक कॅर (१ बाइट), मग एक इंट (४ बाइट), मग पुन्हा एक कॅर, तर ३२ बिटांच्या कंट्रोलरवर एकूण किती बाइट? बेरीज सहा येते, पण इंटला चारच्या पटीतला पत्ता लागतो, म्हणून कंपायलर मोकळ्या जागा सोडतो आणि उत्तर १२ येतं. दोन्ही कॅर शेजारी ठेवले की तेच स्ट्रक्चर ८ बाइटमध्ये बसतं. ज्याने कधी ८ केबी रॅममध्ये अख्खं उत्पादन बसवलंय त्याला हे पाठ करावं लागत नाही. शेवटचा प्रश्न ग्राफमधल्या जवळच्या मार्गाचा होता. मुलगी झोपल्यावर रात्री बसून तयारी केली होती, त्यामुळे सुटला, पण आमच्या कामात तो कुठे लागतो ते मला अजूनही कुणी दाखवलेलं नाही.

पुढची फेरी व्हिडिओवर. समोरचा इंजिनिअर माझ्याहून बराच लहान, बोलणं सगळं इंग्रजीत. पहिला प्रश्न अपेक्षितच, व्होलटाइल म्हणजे काय. मेन लूप एका फ्लॅगची वाट बघतोय आणि तो फ्लॅग बदलतो इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून धावणारा कोड. कंपायलरला लूपमध्ये तो बदलणारं कुणी दिसत नाही, म्हणून तो किंमत एकदाच रजिस्टरमध्ये उचलतो आणि लूप जन्मभर फिरत राहतो. व्होलटाइल लिहिलं की ती किंमत दर वेळी मेमरीतून नव्याने वाचावी लागते. ऑप्टिमायझेशन बंद असताना नीट चाललेला कोड रिलीज बिल्डमध्ये अडकतो तो यामुळे. इथपर्यंत बहुतेक जण सांगतात. त्याने पुढे विचारलं, 'आठ बिटांच्या कंट्रोलरवर ३२ बिटांच्या काउंटरला व्होलटाइल लावलं, मग काळजी मिटली का?' नाही मिटत. चार बाइट वाचायला अनेक सूचना लागतात, मध्येच इंटरप्ट आला तर दोन बाइट जुने आणि दोन नवे हाती येतात. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करावे लागतात. या दुसऱ्या प्रश्नाने मला तो मुलगा आवडला. पाठांतर कुठे संपतं आणि समज कुठे सुरू होते ती जागा त्याला ठाऊक होती.

मग वेळेवर आलो. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. विंडोज ९५ आणि ९८ नेमक्या याच कारणाने तेवढ्या दिवसांनी अडकायचे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला होता. विमानाची वीज २४८ दिवस सलग चालू राहिली तर जनरेटर कंट्रोल युनिटमधला एक सॉफ्टवेअर काउंटर भरून वाहतो आणि सगळी युनिटं एकाच वेळी फेलसेफमध्ये जाऊ शकतात. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा ३१ बिटांचा काउंटर भरायला बरोब्बर तेवढाच काळ लागतो. उपाय एका ओळीचा आहे, आणि प्रत्येक ज्युनिअरकडून मी तो लिहून घेते. 'आत्ताची वेळ, सुरुवात अधिक टाइमआउट याहून मोठी आहे का' असं कधी विचारायचं नाही. आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करायची, दोन्ही अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेल्या) ठेवून, आणि आलेला फरक टाइमआउटशी ताडायचा. काउंटर शून्यावर येऊन गेला तरी वजाबाकी बरोबर येते.

शेवटी त्याने प्रायॉरिटी इन्व्हर्जन विचारलं. मी मंगळाचं उदाहरण दिलं. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी आपोआप रीसेट होऊ लागलं. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने एक म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप) धरलेला, तोच म्युटेक्स सगळ्यात महत्त्वाच्या टास्कला हवा, आणि मधल्या प्राधान्याची टास्क येऊन हवामानवाल्या टास्कला पुढे सरकूच देत नाही. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही हे पाहून यान स्वतःला रीसेट करायचं. आमच्या लाइनवरच्या मुलांना मी हे लक्ष्मी रोडवर नेऊन समजावते. बोळात ॲम्ब्युलन्सला शिरायचंय, पण बोळात एक हातगाडी आहे. हातगाडीला बाहेर पडायचंय, पण मोठ्या रस्त्यावरच्या मोटारी तिला वाट देत नाहीत. मोटारींचा ॲम्ब्युलन्सशी काही संबंध नाही, तरी ॲम्ब्युलन्स अडली ती त्यांच्यामुळे. चौकातल्या हवालदाराने हातगाडीला तेवढ्यापुरता ॲम्ब्युलन्सचा मान दिला की सगळं सुटतं. त्याला प्रायॉरिटी इनहेरिटन्स म्हणतात. पाथफाइंडरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती सोय होती, त्या म्युटेक्ससाठी बंद ठेवलेली होती. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड पुन्हा घडवून आणला, कारण शोधलं आणि इथून मंगळावर ती सोय चालू केली. मला यात सगळ्यात थोर वाटतं ते बिघाड पुन्हा घडवून आणणं. जो बिघाड टेबलावर पुन्हा घडवता येत नाही तो दुरुस्त झाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

यानंतर ऑफिसला बोलावणं आलं. दिवस मी गुरुवार मागून घेतला. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे रजा टाकायचा आणि कारण सांगायचा प्रश्न येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत गेल्यापासून चिंचवड ते खराडी हे अंतर माणसात आलंय. पीसीएमसीला बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, जमिनीखालून थेट वरच्या मजल्यावर चढायचं, रामवाडीला उतरून रिक्षा. सासूबाईंनी डबा दिला होता, तो मी मुलाखतीआधी खाल्लाही. रिकाम्या पोटी मुलाखत देऊ नये.

वर गेल्यावर मीटिंग रूमऐवजी मला लॅबमध्ये नेलं. टेबलावर एक बोर्ड, बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय, मल्टिमीटर, डीएसओ (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र), लॅपटॉपला जोडलेला कॅन (गाडीतले कंट्रोलर दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात ती बस) ॲनालायझर आणि सर्किटची प्रिंट. पन्नाशीच्या पुढचे एक इंजिनिअर स्टूल ओढून शेजारी बसले. म्हणाले, "मॅडम, हा बोर्ड मधूनच कॅन बसवरून गायब होतो आणि सेकंदाभरात परत येतो. का, ते शोधायचंय. हवं ते विचारा, हवं ते वापरा, डेटाशीट नेटवर बघा. फक्त मनात काय चाललंय ते बोलत राहा."

त्या क्षणी मला माझ्या भोसरीच्या टेबलावर बसल्यासारखं वाटलं. हात आपोआप चालू लागले.

आधी वीज बंद केली आणि कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यात रेझिस्टन्स मोजला. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहम असतात, म्हणून मीटरवर ६० यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेशन गायब, ४० आले तर कुणीतरी तिसरं लावून ठेवलंय. इथे ६० आले. वायरिंग ठीक.

मग वीज चालू करून ॲनालायझर बघत बसले. बोर्ड गायब झाला, परत आला. आता इथे दोन वाटा फुटतात. एक, चुका वाढत जाऊन ट्रान्समिट एरर काउंटर २५५ च्या पुढे गेला आणि कंट्रोलर बस-ऑफ झाला, म्हणजे बसवरून स्वतःच बाहेर पडला. दोन, अख्खा बोर्डच रीसेट झाला. गायब होण्याआधी एकही एरर फ्रेम नव्हती, आणि परत आल्यावरचा पहिला मेसेज सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा होता, जो फक्त बूट होताना जातो. म्हणजे कॅनचा यात काही दोष नाही, बोर्ड मरून पुन्हा जन्माला येतोय. डीबगर लावून रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर वाचलं. ब्राउन-आउट. व्होल्टेज खाली जातंय.

डीएसओचा प्रोब ३.३ व्होल्टच्या रेलवर (कंट्रोलरला वीज देणाऱ्या जोडणीवर) ठेवला, २.९ ला खाली उतरताना ट्रिगर, सिंगल शॉट. सर इतका वेळ काही बोलले नव्हते. आता त्यांनी विचारलं, "ग्राउंड क्लिप तिथेच का लावली?" मी सांगितलं, सध्या फक्त बिघाड पकडायचाय म्हणून सोयीच्या जागी लावली आहे, आकार विश्वासाने बघायचा असेल तर लांब क्लिप काढून टोकाची स्प्रिंग वापरेन, नाहीतर त्या वायरच्या वेटोळ्यानेच स्क्रीनवर खोटं रिंगिंग दिसेल. त्यांनी ड्रॉवर उघडून स्प्रिंग माझ्या हातात दिली. मी ती कंट्रोलरशेजारच्या कपॅसिटरच्या पायाला टेकवली. थोड्या वेळाने स्क्रीन थांबली. रेल खोल खाली गेलेली, आणि त्याच क्षणी बोर्डावरचा रिले (विजेने चालणारा स्विच) सुटल्याचा 'टक' आवाज.

रिले लागताना काही होत नाही, सुटताना होतं. हे कळलं की बाकी फारसं उरत नाही. रिलेच्या कॉइलचा करंट अचानक तोडला की ती उलट दिशेला मोठं व्होल्टेज फेकते. त्याला वाट मिळावी म्हणून कॉइलला समांतर डायोड लावलेला असतो. प्रिंटमध्ये डायोड होता, बोर्डावरही होता. मी भिंग मागून घेतलं. एका पायाभोवती बारीक काळी कड, ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा. सोल्डरिंग गन लावली, थोडं टिन दिलं, पुन्हा रिले चालू-बंद केला. रेल सरळ.

"झालं?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं नाही. एक तर रिले रात्रभर स्क्रिप्टने चालू-बंद करून बघायला हवा. दुसरं, हा सांधा कोरडा का राहिला? बोर्डाचा लेआउट मागून बघितला. डायोडचा तो पॅड बारा व्होल्टच्या मोठ्या कॉपरला थेट जोडलेला, थर्मल रिलीफ, म्हणजे उष्णता अडवणारी बारीक जोडणी, नाहीच. सोल्डर करताना सगळी उष्णता ते कॉपर ओढून घेतं आणि सांधा नीट भरत नाही. एक बोर्ड दुरुस्त केल्याने काय होणार, त्या लॉटमधले सगळे तपासावे लागतील. सरांनी तिथूनच लेआउट करणाऱ्या मुलाला हाक मारली आणि त्याला माझ्या तोंडून पुन्हा सगळं ऐकवलं. तो बोर्ड परीक्षेसाठी बिघडवलेला नव्हता, ग्राहकाकडून आलेला खरा बोर्ड होता. डायोडपर्यंत ते आधीच पोचलेले होते. थर्मल रिलीफबद्दल तिथे तेव्हा पहिल्यांदा बोलणं झालं.

या फेरीवर मी पुढे खूप विचार केला, थोडं वाचलंही. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ जणांवर एक प्रयोग केला. तोच प्रश्न काहींना एकट्याने खोलीत सोडवायला दिला, काहींना कुणीतरी बघत असताना फळ्यावर, बोलत बोलत. नुसतं कुणी बघतंय म्हणून कामगिरी निम्म्याहून खाली आली. हे वाचल्यावर मला आधीची एक मुलाखत आठवली. दुसरी कंपनी, समोरच्याने कॅमेरा बंद ठेवलेला, तासभर हूं नाही की चूं नाही. आणि इथे सर शेजारी बसून बघतच होते, तरी मला दडपण आलं नाही. फरक कुठे पडला? ते माझ्याकडे बघत नव्हते, बोर्डाकडे बघत होते. आम्ही दोघं एकाच बाजूला बसून एका तिसऱ्या गोष्टीला प्रश्न विचारत होतो. आणि त्यांनी हातात स्प्रिंग दिली. अडवायला विचारलेला प्रश्न आणि मदत करायला विचारलेला प्रश्न दोन सेकंदांत ओळखू येतो.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोघांनी १९९८ मध्ये निवडीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. त्यात उमेदवाराकडून प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेण्याची पद्धत यादीत सगळ्यात वर होती. २०२२ मध्ये हेच आकडे दुसऱ्या संशोधकांनी नव्याने तपासले, तेव्हा बहुतेक आकडे खाली आले आणि पहिला क्रमांक रचनाबद्ध मुलाखतीला मिळाला, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच मापाने तोललेले. मला दोन्हींतून एकच सोय दिसते. खरं काम द्या, आणि सगळ्यांना तेच द्या. फेऱ्यांच्या संख्येबद्दल गूगलने स्वतःच्याच मुलाखतींचा हिशेब मांडला होता. चार मुलाखतींनंतर ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीने त्यात जेमतेम भर पडते. आपल्याकडे सहावी-सातवी फेरी लावणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा असं मला मनापासून वाटतं. उमेदवार प्रत्येक फेरीसाठी रजा काढतो, मुलाला कुणाकडे तरी ठेवतो.

जेवणानंतर डिझाइनची फेरी झाली. प्रश्न होता, शेतातल्या पंपाच्या कंट्रोलरला दुरून नवं सॉफ्टवेअर कसं पाठवाल. ठरलेलं उत्तर मी फळ्यावर मांडलं. फ्लॅशचे (सॉफ्टवेअर साठवायच्या मेमरीचे) दोन भाग, एकावर चालतं, दुसऱ्यावर नवं उतरतं. तुकड्यातुकड्याने उतरवायचं, म्हणजे नेटवर्क गेलं तर पहिल्यापासून सुरुवात नको. सगळं आलं की सही तपासायची. कुठल्या भागातून बूट व्हायचं ती खूण सगळ्यात शेवटी बदलायची, आणि त्या खुणेच्याही दोन प्रती क्रमांकासह, कारण नेमकी ती लिहितानाच वीज जाऊ शकते. नव्या सॉफ्टवेअरने स्वतः ठीक असल्याचं ठरावीक वेळात कळवलं नाही तर वॉचडॉगने (सॉफ्टवेअर अडकलं की रीसेट करणाऱ्या टायमरने) जुन्यावर परतायचं.

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण कराडजवळ माझ्या भावाचं रान आहे आणि त्याच्या पंपाला थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. वीज आली रे आली की त्याला मोटर चालू व्हायला हवी असते, त्यासाठीच तो थंडीत बॅटरी घेऊन रानात गेलेला असतो. नेमकं त्याच वेळी कंट्रोलर जागा होणार, नेटवर्क शोधणार आणि अपडेट सुरू करणार. म्हणून म्हटलं, पाळीच्या पहिल्या मिनिटाला मोटर, अपडेट नंतर; उतरवणं मोटर चालू असताना मागे चालू दे, पण रीबूट फक्त मोटर थांबल्यावर. आणि वीज जायच्या वेळेला ते पूर्ण झालं नाही तर पुढच्या पाळीपर्यंत जुन्यावरच राहू दे. फळ्यासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाने विचारलं की हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये आहे. मी भावाबद्दल सांगितलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मॅनेजरची फेरी छोटी आणि सभ्य होती. टीम किती मोठी, लाइनवर भांडण झालं तर काय करता, मोबदल्याची अपेक्षा. त्यांनी घराबद्दल काहीही विचारलं नाही, आणि हे मुद्दाम नोंदवते, कारण दुसऱ्या एका ठिकाणी मला विचारलं होतं की मुलगी लहान आहे तर उशिरापर्यंत थांबणं जमेल का. माझ्याच वर्गातल्या, तेवढीच मुलं असलेल्या एकाही पुरुषाला हा प्रश्न विचारलेला मी ऐकलेला नाही. मी तिथे उत्तर दिलं होतं की कामाच्या वेळा सांगा, त्या जमतात की नाही ते मी सांगेन. मैत्रिणींनो, हे वाक्य घ्या आणि वापरा.

मग वाट पाहणं. मुलाखत देणाऱ्या माणसाचा फोन त्या काळात हातातून सुटत नाही. अनोळखी नंबर आला की शॉपफ्लोअर सोडून बाहेर धावायचं, आणि निघतो क्रेडिट कार्डवाला. अनेक कंपन्या नापास झाल्याचं कळवतच नाहीत, आणि हे मला मुलाखतींमधलं सगळ्यात मोठं दुःख वाटतं. दोन ओळींची मेल पाठवायला किती वेळ लागतो? समोरच्याने तुमच्यासाठी दिवस दिलेले असतात.

या कंपनीतून मात्र फोन आला, आणि तो एचआरचा नव्हता, लॅबमधल्या सरांचा होता. म्हणाले, "मॅडम, तुमची निवड आम्ही केली होती, पण बजेट थांबलंय, जागा होल्डवर गेली. कधी उघडेल ते मला सांगता येत नाही, म्हणून तुम्ही थांबून राहू नका. आणि तुमच्यामुळे तो पॅड आम्ही बदलला." मला वाईट वाटलं, खूप वाटलं. त्या संध्याकाळी नवऱ्याने स्वयंपाक केला. पण उत्तर मिळालं होतं, कारणासकट, आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर जाऊ शकले.

आता आमच्या भोसरीच्या युनिटमध्ये फर्मवेअरच्या मुलाखती मी घेते. आमच्या साहेबांनी हो म्हणायला फारसा वेळ लावला नाही, कारण खर्च काहीच नव्हता. परत आलेल्या बोर्डांचा क्रेट आमच्याकडे भरलेला असतोच. त्यातला एक निवडून मी एकाच जागेसाठी आलेल्या सगळ्यांना तोच देते, तेवढाच वेळ, तीच प्रिंट. फोनवर बघायला मोकळीक. सुरुवातीला दहा मिनिटं मी खोलीबाहेर जाते, म्हणजे कुणी बघत नसताना बोर्ड हाताळून होतो. मग स्टूल ओढून शेजारी बसते. बिघाड सापडलाच पाहिजे अशी अट नाही. वीज बंद करून आधी मीटर लावला का, एका निरीक्षणावरून दोन वाटा वेगळ्या काढता आल्या का, आणि सापडल्यावर 'झालं' म्हणून हात झटकले का, एवढंच मी कागदावर लिहिते. डिप्लोमावाल्या मुलांना यात अंगभूत बळ असतं. ज्यांनी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून घरी काहीतरी जोडलंय त्यांचे हात पाच मिनिटांत ओळखू येतात, मग कॉलेज कुठलंही असो. निकाल आठवड्याच्या आत मी स्वतः फोन करून सांगते. नाही सांगायचं असेल तेव्हा, काय चांगलं केलं आणि कुठे वेळ गेला तेही सांगते.

चाकण-भोसरीत काम करणाऱ्यांना सोयीचं पडावं म्हणून या मुलाखती मी गुरुवारीच ठेवते. येत्या गुरुवारी काही जण यायचे आहेत आणि त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, म्हणून सध्याच्या बोर्डात काय बिघडलंय ते जागा भरल्यावर वेगळं लिहीन.